वीजजोडणी नसलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये गॅसवरचा फ्रिज बसवताना

कोयनाकाठ

नमस्कार. आम्ही ॲरिझोना राज्यात टूसॉनला राहतो आणि एकोणीस फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर गाडीमागे जोडून वर्षातले पाच-सहा आठवडे रानात काढतो. हिवाळ्यात क्वार्ट्झसाइटच्या आसपासचे सरकारी वाळवंट आणि उन्हाळ्यात फ्लॅगस्टाफजवळचे कोकोनिनो राष्ट्रीय वन, ही आमची दोन ठरलेली ठिकाणे. तिथे वीज नसते, नळ नसतो, शेजारही नसतो. मात्र एका जागी चौदा दिवसांपर्यंत मुक्काम करता येतो.

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. तिला रोज इन्सुलिन घ्यावे लागते आणि न उघडलेली इन्सुलिनची पेने २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवावी लागतात. बर्फाच्या पेटीवर चार दिवस निभावतात, चौदा निभावत नाहीत. ट्रेलरमधला मूळचा फ्रिज निकामी झालेला होता. बाहेरच्या बाजूची जाळी काढल्याबरोबर नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला आणि खालच्या नळ्यांवर हळदीसारखी पिवळी पूड साचलेली दिसली. तेव्हा गॅसवर आणि १२० व्होल्टवर अशा दोन्ही प्रकारे चालणारा, ट्रेलरसाठीच बनवलेला सहा घनफुटांचा, म्हणजे साधारण १७० लिटरचा नवा फ्रिज घेतला आणि तीन शनिवार-रविवार खर्चून तो स्वतः बसवला. त्यात एक मोठी चूक झाली. ती इतरांच्या हातून होऊ नये, म्हणून हा धागा काढत आहे.

जुना फ्रिज काढणे सोपे होते. सिलिंडर बंद केले, नळीतला उरलेला गॅस शेगडीवर जाळून संपवला, फ्लेअर नट (नळीच्या फुलवलेल्या तोंडावरचा नट) सोडवला, नळीच्या उघड्या तोंडाला टोपण बसवले, पुढचे चार स्क्रू काढले आणि दोघांनी मिळून फ्रिज दारातून बाहेर घेतला. नवा फ्रिज रुंदीने अर्धा इंच कमी होता, म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकून त्यामागे उष्णतारोधक भरले. विजेच्या दोन तारा जोडल्या. गॅसवर चालतानाही या फ्रिजच्या नियंत्रण पट्टीला आणि ठिणगी पाडण्याला १२ व्होल्टचा थोडासा प्रवाह लागतो, हे ध्यानात असू द्यावे. बॅटरी पूर्ण उतरली तर सिलिंडर भरलेले असूनही फ्रिज चालत नाही.

चूक झाली ती मागच्या बाजूला. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो आणि आमच्या फ्रिजला पंखाही नव्हता. खालच्या जाळीतून गार हवा आत येते, मागच्या गरम नळ्यांमधून वर चढते आणि छतावरच्या धुराड्यातून बाहेर पडते. ही हवा नळ्यांना घासून गेली तरच नळ्यांमधली उष्णता निघून जाते. सोबतच्या पुस्तिकेत फ्रिजची पाठ आणि ट्रेलरची भिंत यांत एक इंचापेक्षा जास्त अंतर नको, असे स्पष्ट लिहिले होते. आमचा जुना फ्रिज अधिक खोल असल्यामुळे नव्याच्या मागे साडेतीन इंचांची पोकळी राहिली. मोकळी जागा जितकी जास्त तितकी हवा चांगली खेळेल, असा मी उलटा विचार केला आणि पोकळी तशीच ठेवली. एप्रिलमध्ये घरासमोर उभ्या ट्रेलरमध्ये फ्रिज चालू केला तेव्हा पहाटे आतले तापमान ५ अंश होते आणि दुपारी चार वाजता १४. हवा भिंतीलगतच्या मोकळ्या वाटेने सरळ वर जात होती आणि नळ्या स्वतःच्याच उष्णतेत उभ्या होत्या.

मग फ्रिज पुन्हा बाहेर काढला. जस्ताच्या पत्र्याचे दोन तुकडे कापून भिंतीला रिव्हेट केले. एक खालच्या जाळीच्या वरच्या कडेपासून तिरका पुढे आणला, दुसरा वरच्या कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पात्यांसमोर उभा केला, जेणेकरून हवेला त्या पात्यांतूनच जावे लागेल. फ्रिजच्या माथ्यावरची रिकामी जागाही उष्णतारोधकाने भरून टाकली, कारण तिथे गरम हवा तुंबून राहत होती. त्यानंतर तशाच उन्हात दुपारचा आकडा ६ अंशांच्या वर गेला नाही.

गॅसच्या जोडाबद्दल थोडेसे. तांब्याच्या नळीचे तोंड नव्याने फुलवले, पण कापताना आत राहिलेली धारदार कोर मी नीट खरवडली नव्हती. साबणाचे पाणी लावल्यावर नटाच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. नट आणखी आवळून ते थांबले असतेही; पण रस्त्यावरच्या हादऱ्यांत असा जोड पुन्हा सैल होतो. म्हणून तोंड कापून टाकले, कोर काढली आणि पुन्हा फुलवले. आता तिथे बुडबुडा येत नाही.

कुणी असे काम केले असल्यास अनुभव जरूर लिहावेत. कुठे चुकत असेन तर तेही सांगावे.

पर्वतीपायथा

अतिशय उपयुक्त माहिती. एक प्राथमिक शंका आहे. ज्योत पेटवून गारवा कसा निर्माण होतो, हे पुण्यात माझ्या अकरावीतल्या मुलाने विचारले आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

कोयनाकाठ

मुलाला असे सांगून पाहा. फ्रिजच्या मागच्या बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असे तीन पदार्थ कायमचे कोंडलेले असतात. अमोनिया पाण्यात अतिशय सहज विरघळतो. खालची ज्योत हे द्रावण तापवते, तेव्हा अमोनियाची वाफ पाण्यातून सुटते आणि तिच्या बुडबुड्यांबरोबर पाणीही नळीतून वर ढकलले जाते, जसे उकळत्या भांड्यात पाणी वर उसळते. वर गेलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन द्रवरूप होते आणि फ्रिजच्या आतल्या नळीत उतरते. तिथे हायड्रोजन भरलेला असल्यामुळे अमोनियाच्या वाट्याला येणारा दाब एकदम कमी होतो आणि तो झपाट्याने बाष्प होऊ लागतो. बाष्प होण्यासाठी लागणारी उष्णता तो फ्रिजमधल्या दूधभाजीतून ओढून घेतो. पुढे खालच्या नळ्यांत पाणी त्या अमोनियाला पुन्हा शोषून घेते, हायड्रोजन मोकळा होऊन वर परततो आणि फेरा पूर्ण होतो.

स्टॉकहोममधल्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना तयार केली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. सगळा प्रवाह गुरुत्वाकर्षणावर आणि उष्णतेवर चालतो, हलणारा एकही भाग नाही. म्हणूनच हा फ्रिज समपातळीत उभा असावा लागतो. आडवा कल तीन अंशांच्या आणि पुढे-मागे सहा अंशांच्या आत ठेवावा, असे पुस्तिका सांगते. दोन फुटी पाणसळीवर तीन अंश म्हणजे जेमतेम सव्वा इंच, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही.

डॅलसचा_दत्ता

आपले कष्ट वाखाणण्याजोगे आहेत, परंतु मूळ निर्णयाबद्दल मला वेगळे वाटते. आता १२ व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज सहज मिळतात. त्यांना धुराडे नको, गॅसची नळी नको, कल चालतो आणि टेक्साससारख्या चाळीस अंशांच्या उन्हातही ते व्यवस्थित गारवा देतात. छतावर सौर पॅनेल आणि एक लिथियम बॅटरी बसवली की प्रश्न मिटतो. आग आणि विषारी धूर यांची चिंताही उरत नाही. आईंचे औषध ठेवायचे असताना तर मी कॉम्प्रेसरच निवडला असता.

कोयनाकाठ

दत्ताजी, आपला मुद्दा बिनतोड आहे आणि नव्या ट्रेलरसाठी मीही कदाचित तोच मार्ग धरीन. माझे गणित मात्र असे होते. त्या आकाराचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ७०० ते १००० वॉट-तास वीज घेतो. माझ्या छतावर २०० वॉटचे एकच पॅनेल आहे. वाळवंटात ते कसेबसे पुरले असते. पण कोकोनिनोमध्ये आम्ही पाँडेरोसा पाइनच्या दाट सावलीत ट्रेलर लावतो. आईला सावली हवी आणि पॅनेलला ऊन हवे, या दोन्ही गोष्टी तिथे एका जागी जमत नाहीत. दिवे, पाण्याचा पंप आणि रात्रीचा हीटरचा पंखा एवढे भागवूनच बॅटरी थकते. दुसरी बॅटरी आणि आणखी दोन पॅनेल घेण्याचा खर्च वेगळा.

गॅसचे पाहू. वीस पौंडांच्या म्हणजे नऊ किलोंच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता असते. या फ्रिजचा बर्नर तासाला साधारण १५०० बीटीयू घेतो. अखंड जळला तरी बारा दिवस जातात, आणि थर्मोस्टॅट अधूनमधून ज्योत बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात अधिक. माझ्या वहीत हिवाळ्यातला मुक्काम एका सिलिंडरला एकोणीस दिवस असा नोंदलेला आहे. ट्रेलरच्या पुढे अशी दोन सिलिंडरे आहेत.

उन्हाबाबत मात्र आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. जूनमध्ये आम्ही वाळवंटात जातच नाही.

नळजोड

मी कॅलगरीत राहतो आणि गॅसच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत. कोयनाकाठ यांनी पत्रा बसवून हवेची वाट सुधारली हे उत्तम केले. परंतु सर्वांत महत्त्वाची बाब त्यांच्या लेखनात आलेली नाही, आणि ती राहून गेली तर माणसाच्या जिवावर बेतते. फ्रिजच्या मागचा कप्पा आणि राहण्याची खोली यांच्यामध्ये पूर्ण बंदिस्तपणा असला पाहिजे. बर्नरला लागणारी हवा फक्त बाहेरच्या जाळीतून यावी आणि जळलेला वायू फक्त बाहेर जावा. फिरत्या घरांसाठीच्या अमेरिकेतल्या एनएफपीए ११९२ या सुरक्षा मानकाचा आग्रहही हाच आहे. फ्रिजच्या पुढची शोभेची पट्टी म्हणजे बंदिस्तपणा नव्हे. तिच्यामागे चारही बाजूंनी सलग गॅस्केट किंवा सील बसलेले असावे लागते, आणि वायरी व गॅसची नळी ज्या भोकांतून जाते ती भोकेही बुजवावी लागतात.

याची परीक्षा सोपी आहे. रात्री बाहेरची जाळी काढून मागच्या कप्प्यात प्रखर विजेरी ठेवा, ट्रेलरमधले सगळे दिवे मालवा आणि आत फ्रिजच्या कडांशी डोळा लावून बसा. सुईएवढा उजेड दिसला तरी तिथून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येऊ शकतो. काही मंडळी उदबत्तीच्या धुराने हे तपासतात. नव्याने जोडलेल्या गॅसच्या नळीशेजारी पेटती वस्तू नेऊ नये, एवढीच विनंती.

याच कारणासाठी शेतघरात उभे करायचे, खोलीतलीच हवा घेणारे गॅसचे फ्रिज ट्रेलरमध्ये आणू नयेत. ते स्वस्तात वापरलेले मिळतात म्हणून लोक घेतात. ट्रेलरची खोली एवढीशी असते आणि थंडीत आपण खिडक्या घट्ट लावून झोपतो.

गळतीबद्दलही थोडे लिहितो. साबणाचे पाणी उत्तम, मात्र भांडी घासण्याच्या ज्या द्रवात अमोनिया किंवा क्लोरीन असते तो वापरू नये, कारण त्याने पितळेला आणि तांब्याला कालांतराने चिरा पडतात. बुडबुडे पाहून झाल्यावर मॅनोमीटर (दाब मोजण्याचे साधन) लावून दाबाची परीक्षा घ्यावी. रेग्युलेटरनंतर पाण्याच्या स्तंभाचे ११ इंच एवढा दाब हवा, आणि सिलिंडर बंद करून थोडा दाब उतरवल्यावर काटा निदान तीन मिनिटे जागेवर राहिला पाहिजे. फ्लेअर जोडावर कोणतीही टेप किंवा लेप लावू नये. तिथे धातूवर धातू बसूनच गळती थांबते. नट फिरवताना दुसऱ्या पान्याने पितळी तुकडा धरून ठेवावा, नाहीतर आतली नळी पिळवटते.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्यामुळे गळाला तर जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा इशारायंत्र जमिनीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा हवा. दोन्हींच्या पाठीवर मुदत छापलेली असते. जुन्या ट्रेलरमध्ये ती बहुतेक वेळा उलटून गेलेली सापडते.

कोयनाकाठ

नळजोड काका, मनापासून आभार. आपला प्रतिसाद वाचल्यावर काल रात्रीच विजेरीची परीक्षा घेतली. उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे १२ व्होल्टच्या वायरी आत येतात, तिथे करंगळीच्या नखाएवढा उजेड दिसला. आई बरोबर त्याच बाजूच्या बाकावर झोपते. आज उष्णता सोसणारे सीलंट भरून ते भोक बुजवले, संध्याकाळी पुन्हा तपासले आणि आता पूर्ण अंधार आहे. गॅसचा इशारायंत्र २०१४ चा निघाला. नवा मागवला आहे.

माडबन

या चर्चेने एक जुनी आठवण जागी झाली. माझे वडील कोकणात डॉक्टर होते आणि गावात वीज येण्याआधी त्यांच्या दवाखान्यात रॉकेलवर चालणारा फ्रिज होता. त्याचे तत्त्व हेच. खाली रॉकेलची टाकी आणि गोल वात, आणि ज्योत वाकून न पाहता दिसावी म्हणून खाली एक छोटा आरसा. वात एका बाजूने जास्त जळली की ज्योत पिवळी होई, काजळी धरे आणि गारवा कमी पडे. मग वडील कात्रीने वात सारखी करत. लशी आणि सर्पदंशावरचे औषध त्यात ठेवलेले असे, त्यामुळे घरातल्या कुणी थंड पाण्यासाठी तो विनाकारण उघडलेला त्यांना मुळीच खपत नसे. कोयनाकाठ यांच्या आईंचे औषध वाचून ते सगळे डोळ्यांसमोर आले. एक सुचवावेसे वाटते: पेने मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना टेकू देऊ नका. तिथे गोठणबिंदूखाली तापमान जाते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

कोयनाकाठ

माडबन काका, आपण अगदी नेमके सांगितलेत. आम्ही पेने दाराच्या बाजूच्या मधल्या फळीवर, बंद डब्यात ठेवतो आणि त्याच डब्यात तापमापकाची काडी असते. तिचा आकडा बाहेरच्या छोट्या पडद्यावर दिसतो, त्यामुळे दार उघडावे लागत नाही.

नाशिककर_सुमेधा

आम्ही नाशिकमध्ये मोठ्या व्हॅनचे फिरते घर करण्याच्या विचारात आहोत. असा फ्रिज आपल्या घरगुती १४.२ किलोंच्या सिलिंडरवर चालेल का?

नळजोड

सुमेधाताई, घरगुती सिलिंडर वाहनात वापरणे भारतात नियमाला धरून नाही, म्हणून ते सोडून द्यावे. शिवाय आपला एलपीजी प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास बाष्प होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ पर्यंत बाष्प होत राहतो. हिमालयाकडे जाणार असाल तर हा फरक पहिल्याच थंड पहाटे जाणवेल. फ्रिजच्या पाटीवर कोणता वायू आणि किती दाब लिहिला आहे, ते पाहूनच पुढचे ठरवावे. आपल्याकडे ऊन भरपूर आहे. आपल्यासाठी मी दत्ताजींचा मार्ग सुचवीन.

माळरान

मी कोलोरॅडोत राहतो. आमच्या ट्रेलरमधला फ्रिज घरी विजेच्या तारेवर उत्तम गार होतो, परंतु डोंगरात गॅसवर लावला की दोन दिवसांतही दूध टिकत नाही. ज्योत पेटते, पण पिवळसर दिसते. ट्रेलर समपातळीत आहे, पाणसळ लावून पाहिली आहे. दुकानात विचारले असता पूर्ण फ्रिज बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. एवढा खर्च करण्यापूर्वी आपला सल्ला हवा आहे.

नळजोड

माळरान, कृपया थांबा. फ्रिज बदलू नका. तो विजेवर गार होतो, याचा अर्थ अमोनियाच्या नळ्या शाबूत आहेत. उष्णता कुठून मिळते याच्याशी त्या नळ्यांना देणेघेणे नसते. दोन्ही प्रकारे तापूनही गारवा आला नसता, किंवा कोयनाकाठ यांना दिसली तशी पिवळी पूड दिसली असती, तर मी आशा सोडायला सांगितले असते. ती पूड नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेल्या सोडियम क्रोमेटची असते आणि विषारी असते, तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

दोष बर्नरमध्ये आहे. गॅसला वास यावा म्हणून त्यात जो पदार्थ मिसळतात त्याकडे कोळी आकर्षित होतात असे म्हणतात, आणि ते बर्नरच्या नळीत जाळे विणतात. धुराड्यातून गंजाचे पापुद्रेही खाली पडतात. सिलिंडर बंद करा, बर्नर सोडवा, मऊ कुंचल्याने आणि दाबाच्या हवेने साफ करा. गॅसच्या बारीक छिद्रात सुई किंवा तार कधीही घालू नका, त्याचे माप बिघडते. तो तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून वाळवा. पुन्हा जोडल्यावर गळती तपासा आणि ज्योत निळी, स्थिर आहे का ते पाहा.

तरीही पिवळी राहिली तर दाब मोजून घ्या. आणि साडेपाच हजार फुटांच्या वर विरळ हवेमुळे ज्योत क्षीण होते, हे उत्पादकच पुस्तिकेत लिहितात. तिथे गारवा थोडा कमी पडणारच.

कोयनाकाठ

उंचीबाबत दुजोरा देतो. फ्लॅगस्टाफ सुमारे ६९०० फुटांवर आहे. तिथे आमची ज्योत दोनदा विझली होती. बर्नर साफ केल्यापासून तसे झालेले नाही, पण फ्रिज घरून निघण्याच्या आदल्या दिवशीच विजेवर गार करून, त्यात गार झालेलेच पदार्थ भरून निघतो. अशा फ्रिजला शून्यापासून गार व्हायला दहा-बारा तास लागतात, हे गृहीत धरावे.

माळरान

नळजोड काका, बर्नर काढला. नळीच्या तोंडाशी कापसासारखे पांढरे जाळे होते आणि त्याखाली गंजाची चिमूटभर पूड. आपण सांगितल्याप्रमाणे साफ करून, साबणाच्या पाण्याने तपासून काल संध्याकाळी सात वाजता गॅसवर लावला. ज्योत निळी आहे आणि तिचा हलका घुमणारा आवाजही येतो, जो पूर्वी कधी ऐकू आला नव्हता. आज सकाळी सहा वाजता मधल्या फळीवर ३ अंश आहेत.